ठाण्याची वाट



गेल्या वर्षी आपल्या मंडळीने कल्याणहून निघून ठाणे, सोपारे व वसई असा तीन दिवसांचा प्रवास केला. वसईच्या किल्ल्यातील भग्न ख्रिस्तमंदिरे सर्वांस आवडली. माझे चित्त मात्र ठाण्यासच अडकून राहिले. आर्मेनियाच्या डोंगराळ मुलखात सेवा केलेले फ्रान्सिस्कन संन्यासी, तोलेंतीनोचे धन्य तोमास, तेथेच १३२१ साली रक्तसाक्षी झाले. सोबत याकोब व पेत्र हे संन्यासी आणि तिफ्लिसचा देमेत्रियस होता. हा गुरू नव्हे. परक्या भाषा जाणणारा साधा बंधू. असल्यांची आठवण कोण काढतो?

त्यांचे देह जॉर्दान यांनी सोपाऱ्यास नेऊन पुरिले. तेथे आपल्यातील एका मुलाने विचारिले, “फादर, कबरी कोठे आहेत?” ओदोरिक यांनी अस्थी चीन देशी नेल्या, असे मी सांगितले. “मग आपल्याकडे काय राहिले?” या प्रश्नाला मजजवळ त्या वेळी उत्तर नव्हते.