आधी भागीदार, मग गिऱ्हाईक

महाड-पोलादपूरच्या या उद्योजक-व्यापारी परिषदेत अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो अहवालात छापला आहे, तो वाचून दाखवण्यात तुमचा वेळ घेणार नाही. कितीतरी वर्षे मनात असलेली एकच गोष्ट आज स्पष्ट बोलायची आहे. परदेशी व्यापाराचा विषय निघाला की आपण अमेरिका, दुबई, जर्मनी यांपलीकडे जात नाही, आणि तिथेही शोधतो ते गिऱ्हाईक. नवा उद्योग उभा करणाऱ्या आपल्या तरुणाने लहान देश निवडावा आणि तिथे आधी भागीदार शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

याचा पुरावा आपल्या एमआयडीसीतच आहे. सुगंधी रसायने बनवणारी प्रिव्ही आणि स्वित्झर्लंडची जिवोदाँ यांनी महाडमध्ये प्रिगिव्ह ही संयुक्त कंपनी काढली. 51 टक्के वाटा प्रिव्हीचा, 49 टक्के जिवोदाँचा. स्वित्झर्लंडची लोकसंख्या साधारण 90 लाख, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी, पण सुगंधाच्या धंद्यातली जगातली सर्वांत मोठी कंपनी तिथली. गिऱ्हाईक दर पाडून मागते आणि स्वस्त माल दिसला की दुसरीकडे वळते. भांडवल घातलेल्याला मात्र कारखाना नीट चालावा याची काळजी करावीच लागते. ही मोठ्यांची गोष्ट झाली, असे म्हणाल. पण मोठ्या कारखान्याचे एक गिऱ्हाईक गेले तर तो सोसतो. लहानाचे गेले तर त्याला टाळे लागते. म्हणून भागीदाराची गरज लहानालाच जास्त.

आता मॉरिशसकडे पाहा. मॉरिशस म्हटले की आपल्याला कर वाचवायला तिकडून फिरवून आणलेला पैसा आठवतो. ती वाट देणारा करविषयक करार 2016 मध्ये बदलला, तरी आठवण जात नाही, आणि त्यापायी खरा मॉरिशस आपण पाहिलाच नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे उसाच्या मळ्यांवर मजुरीला तिकडे गेली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, जाखडी नाचतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवले जाते. देशाची लोकसंख्या जेमतेम साडेबारा लाख, अन्नाचा मोठा हिस्सा आयात, आणि वर्षाला दहा लाखांवर पर्यटक. 1 एप्रिल 2021 पासून भारत-मॉरिशस व्यापार करार लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा हा पहिलाच असा करार, आणि त्यात आपल्या 310 वस्तूंना तिथे सवलतीने प्रवेश आहे. याहून मोठी गोष्ट म्हणजे मॉरिशस कोमेसा आणि साडेक या आफ्रिकी व्यापारगटांचा सभासद आहे. मात्र महाडहून भरलेले पाकीट तिथे उतरवून पुढे पाठवले तर गटांतर्गत सवलत मिळत नाही. तिथे पुरेशी प्रक्रिया झाली, तरच तो माल मॉरिशसचा ठरतो. म्हणजे नाचणीचे पीठ इथून न्यायचे आणि त्याची बिस्किटे किंवा न्याहारीचे पदार्थ तिथल्या भागीदाराच्या कारखान्यात करायचे. नुसत्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर हे होत नाही.

साडेबारा लाखांत धंदा तो काय, असा आक्षेप येतो. पोलादपूरच्या डोंगरउतारावरची नाचणी-वरी किती, हे आधी मोजू या. अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीची मागणी पुरवायची तर आपला माल पहिल्या महिन्यात संपेल. आपल्या मालाला बेताचाच बाजार हवा, जिथे चूक झाली तर ती परवडते आणि आयातदाराच्या समोर जाऊन बसता येते. भावनेवर धंदा होत नाही, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. मराठी आडनाव पाहून कुणी पीठ घेणार नाही. पण कोणाचा शब्द खरा आणि कोण पैसे बुडवतो, हे सांगणारा माणूस परक्या देशात लागतोच. पोलादपूरचा माणूस मुंबईला, सुरतेला, बडोद्याला गेला तो असाच ओळखीचा हात धरून. गावमंडळाच्या खोलीत त्याला आधी वळकटी टाकायला जागा मिळाली आणि मग काम मिळाले.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा. आधी मुंबई-गोवा महामार्ग पुरा करा, पूर थांबवा, मग परदेशाचे बोला. या मागण्या रास्तच आहेत आणि त्या सोडायच्या नाहीत. पण जुलै 2021 मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा ज्यांचे दुकान, गोदाम आणि उधारी एकाच पेठेत होती त्यांचे सगळेच एका रात्रीत अडकले. चार पोती माल आणि थोडी येणी समुद्रापलीकडे असती, तर गाळ उपसताना हाताशी काही राहिले असते. रस्ता होईपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की सावित्रीच्या खाडीतून बाणकोटमार्गे महाडचा व्यापार चालत होता, तेव्हा कोणता महामार्ग होता? आज न्हावाशेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि लहान व्यापाऱ्याला अख्खा कंटेनर भरावा लागत नाही, दुसऱ्यांच्या मालाबरोबर आपली खोकी जातात.

परिषदेने एक लहान समिती नेमावी. तिने त्या 310 वस्तूंच्या यादीत आपला कोणता माल बसतो ते पाहावे, मोकाच्या संस्थेला आणि तिथल्या मराठी मंडळींना पत्रे लिहावीत, निर्यात परवान्याचे काम एकत्र करता येते का तेही तपासावे. खर्चाचा अंदाज नंतर मांडता येईल. सुरुवात नाचणीच्या पिठापासून करावी असे मला वाटते. कुणाचे मत वेगळे असेल तर त्यांनी दुपारच्या सत्रात ते मांडावे, मी ऐकायला बसलेला असेन.