संगणक कुलपाबाहेर यावा

(शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



पत्रकार म्हणून फिरताना एका शाळेत देणगीचे संगणक पाहिले. खोलीला कुलूप, पडद्यांवर आच्छादन. मुले बिघडवतील, ही धास्ती! विद्यार्थ्यांचा हातच लागणार नसेल, तर ते यंत्र आणि शोभेचे कपाट यांत भेद तो काय?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी वेगळी वाट धरली. पाठ्यपुस्तकाला त्यांनी क्यूआर कोडची जोड दिली. मोबाईल त्यावर धरला की कविता कानी पडे, धडा चित्ररूपाने समोर येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली गुरुजींना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना देऊ केली. (हे औदार्य काही यंत्रातून येत नाही!)

यात नवल यंत्राचे नाही. कोणत्या धड्याला कशाची जोड द्यावी, हे शिक्षकाने ठरवले. हृदयातील रक्ताभिसरण फळ्यावर बाणांनी दाखवताना आपली दमछाक होते. हलत्या चित्रात ते सहज उमगते आणि दहादा दाखवूनही संगणक त्रासत नाही. मूल कुठे अडले, हे मात्र चेहऱ्यावरून शिक्षकच ओळखतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाईल एक आणि शिकणारी भावंडे तीन, अशी अनेक घरांची स्थिती होती. अशा घरांतील मुलांसाठी शाळा सुटल्यावर तासभर संगणक कक्ष उघडा ठेवता येईल काय, एवढे मुख्याध्यापकांनी पाहावे.