बाळ रात्री का रडतं?

गाझियाबादच्या इंदिरापुरम, वैशालीतल्या मराठी घरांत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बाळ रात्री रडलं, की हात आधी आणखी एका रजईकडे जातो. थांबा. बाळाची मान आणि पाठ चाचपून पाहा. तिथं घाम लागला तर त्याला उकडतंय. कानटोपी काढा, एखादं झबलं कमी करा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, तान्ह्यांचे ते तसेच असतात. आणि बंद खोलीत कोळशाची अंगीठी अजिबात नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

नाक चोंदलं तर दूध ओढता येत नाही, त्यानंही बाळ चिडतं. भूक तर आहेच. पोटच इवलंसं, दर दोन-तीन तासांनी दूध हवं. दिवस-रात्रीचा फरक कळायला दोन-तीन महिने जातात.

पोट भरलं, ढेकर निघाली, दुपटं कोरडं, तरी रडं थांबेना? २०२२ साली जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या चमूनं सुचवलेली रीत करून पाहा. बाळाला छातीशी धरून ५ मिनिटं संथ चाला. झोपलं की ५ ते ८ मिनिटं तसंच घेऊन बसा, मगच पाठीवर निजवा. आपण नेमकी इथंच घाई करतो!

रडं थांबावं म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.