गाडीचा फ्यूज उडाला तर



एरवी मी तुमच्याशी बियाणं, खतं, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज गाडीविषयी थोडं बोलणार आहे. कारण आता वस्तीवस्तीवर एखादी पिकअप नाहीतर जुनी कार आलेली आहे. टोमॅटो तोडून क्रेट भरेपर्यंत दिवस मावळतो, आणि माल रात्रीच बाजाराची वाट धरतो. अशा वेळी निम्म्या रस्त्यात हेडलाइट गेले, किंवा मागचे लाल दिवे बंद पडले आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही, तर मालाचं सोडा, जीव धोक्यात येतो. पुष्कळदा त्यामागं कारण अगदी लहानसं असतं. फ्यूज उडालेला असतो.

फ्यूज म्हणजे काय, हे ज्यांच्याकडं रोटाव्हेटर आहे त्यांना पटकन कळेल. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. तुटला म्हणून कुणी तिथं पोलादी बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच जातो. फ्यूजचं काम तेच. वायरीतून तिला सोसेल त्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली, की फ्यूजमधली बारीक पट्टी वितळते आणि वीज तुटते. तो दिवा किंवा भोंगा वाचवण्यापेक्षाही वायर वाचवण्यासाठी असतो, हे ध्यानात ठेवा. बॅटरी १२ व्होल्टचीच असते, तिचा झटका बसत नाही, हे खरं. पण शॉर्ट झाल्यावर तीच बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर लालबुंद व्हायला तेवढं पुरतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मी एका गावचा मेळावा आटोपून रात्री परतत होतो. गाडी माझीच, जुनी घेतलेली. पाऊस मुसळधार, आणि वायपर एकदम थांबला. फ्यूज काढून बघितला तर उडालेला. जवळ दुसरा नव्हता. फाट्यावर पानटपरी होती. तिथून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी घेतली, घडी करून फ्यूजच्या पायांभोवती गुंडाळली आणि फ्यूज परत बसवला. वायपर कण्हत कण्हत फिरू लागला. मला वाटलं, काय आपली अक्कल! दोन किलोमीटर गेलो नसेन, तोच डॅशबोर्डखालून जळकट वास आला, पाठोपाठ धूर. पाना जवळ होता म्हणून पावसात बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवता आली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं काच आणि बॉनेट यांमधली जाळी उघडली, तर आत काटकी अडकून वायपरचा दांडा आवळला होता. मोटर जोर लावत होती, म्हणून फ्यूज उडाला होता. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं; माझ्या चंदेरीनं ते हाणून पाडलं. मोटरची वायर वितळली, शेजारच्या चार वायरी घेऊन गेली. चार-पाच रुपयांच्या वस्तूपायी साडेतीन हजार मोजले. मेळाव्यात मी तासभर सुरक्षित फवारणीवर बोललो होतो, हे त्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं नाही.

ही खोड आपल्याला विहिरीवरच्या मोटरीनं लावलेली आहे. किटकॅटमधली तार गेली की आपण हाताला येईल ती तांब्याची तार दुहेरी-तिहेरी करून घालतो, आणि मग मोटर जळाली की लाइटवाल्यांच्या नावानं बोटं मोडतो. गाडीत तरी तसं करू नका.

आता फ्यूज शोधायचा कसा, ते बघू. गाडी रस्त्याच्या पार कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. किल्ली बंद करून काढून घ्या. पहिल्यांदा विचार करा, की काय बंद पडलं आणि त्याच्याबरोबर आणखी काय बंद पडलं. एकाच बाजूचा हेडलाइट गेला असेल, तर बहुधा बल्ब गेला असतो. तरी काही गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, तोही बघावा. भोंगा आणि आतला दिवा असं दोन-तीन गोष्टींचं एकदम बंद पडणं, हे मात्र फ्यूजचं लक्षण. पेट्रोलची गाडी सेल्फ मारते पण सुरू होत नाही, आणि किल्ली फिरवल्यावर मागं टाकीतल्या पंपाची क्षणभर येणारी घूं अशी कुरकुर येत नाही, तर पंपाचाही फ्यूज तपासावा.

फ्यूजची पेटी बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली झाकणाच्या आत असते. दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा छापलेला असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातही असतो. (ते पुस्तक पोरांच्या हाती गेलं नसेल तर.) पेटीतच प्लॅस्टिकचा लहान चिमटा खोचलेला आढळेल. त्यानं फ्यूज धरून सरळ वर ओढा. पक्कडीनं पिळू नका, पाय मोडतात. उजेडासमोर धरा. आतली पट्टी मधोमध तुटलेली किंवा प्लॅस्टिक काळवंडलेलं दिसलं, की तोच. जुन्या गाड्यांतल्या काचेच्या नळीच्या फ्यूजचंही असंच.

डोळ्यांना नीट दिसत नसेल तर तपासणी करावी लागते. इथं एक चूक बरेच जण करतात. घरातला लाइटचा टेस्टर घेऊन येतात. तो १२ व्होल्टवर लागतच नाही, त्यामुळं सगळेच फ्यूज मेलेले वाटतात. त्याऐवजी १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला चिमट्यानं लावा. फ्यूज जागेवरच ठेवून किल्ली आणि त्या वस्तूचा खटका चालू करा. फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. दुसऱ्या वायरीचं टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडं बल्ब लागला तर फ्यूज चांगला. एकीकडं लागला, दुसरीकडं नाही, तर फ्यूज उडालेला. दोन्हीकडं लागला नाही, तर वीज तिथवर आलेलीच नाही. फ्यूजला दोष देऊ नका. हा बल्ब फक्त फ्यूजपेटीतच वापरा. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टणाच्या वायरींना अजिबात हात लावायचा नाही. बॅटरीजवळ बोल्टनं आवळलेले मोठे फ्यूज असतात, तेही इलेक्ट्रिशियनवर सोडा.

नवा फ्यूज घालताना त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा घाला. नंबर पाठीवर छापलेला असतो आणि रंगही ठरलेले आहेत. ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ बिनरंगी, ३० हिरवा. तुमच्याजवळ तोच नंबर नसेल तर रेडिओचा किंवा मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज त्याच नंबरचा आहे का बघा. तो काढून तात्पुरता इकडं बसवा. घरापर्यंत गाणी नसली तरी चालतं. कमी नंबरचा घालून बघायला हरकत नाही, फार तर उडेल. जास्त नंबरचा कधीच नाही.

घातलेला फ्यूज लगेच उडाला, तर दुसरा घालून बघत बसू नका. कुठंतरी वायर शॉर्ट आहे. ती शोधायला आधी आपण मागाहून बसवलेल्या वस्तू बघा: प्रेशर हॉर्न, जादा दिवे, टेप. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन्ही मिळून १०. हौसेनं १०० वॉटचे बसवले, की दोन्ही मिळून सोळाच्या वर जातात. मूळ वायर आणि फ्यूज त्या हिशेबाचे नसतात. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीच्या दिव्यांची केबल बघावी. हुकाजवळ घासून ती उघडी पडते, आणि ट्रॅक्टरचाही मागचा दिवा त्याच फ्यूजवर असला तर दोन्ही एकदम जातात. अशा स्थितीत अंधारात पुढं जाऊ नका. माल थोडा उशिरा पोचेल, पोचू द्या.

आणि उंदीर. हा तर आमच्याच खात्याचा विषय. धान्याच्या कोठीला किंवा वैरणीच्या गंजीला लागून गाडी उभी केली, की थंडीच्या दिवसांत ते उबेला बॉनेटखाली शिरतात आणि वायरींची वेष्टणं कुरतडतात. गाडी मोकळ्यावर लावा, बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून लेंड्या दिसतात का बघा. युरियाच्या फुटक्या गोण्या कारमध्ये टाकून नेऊ नका; त्याच्या ओलीनं फ्यूजपेटीच्या तांब्या-पितळेला हिरवट बुरशीसारखा थर चढतो. गाडी धुताना पाइपाचा झोत फ्यूजपेटीवर धरू नये, हेही त्यातच आलं.

उद्या तालुक्याला गेलात, की स्पेअर पार्टच्या दुकानातून आपल्या पेटीतले फ्यूज दाखवून प्रत्येक नंबरचे दोन-दोन आणा. तंबाखूच्या रिकाम्या डबीत मावतात. सोबत तो बल्ब आणि एक छोटी बॅटरी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रामराम.