रसद उतरते लहान आतड्यात



सैन्य पोटावर चालतं, हे वाक्य फौजेत पहिल्या दिवसापासून कानावर पडतं. पण पोट म्हटलं की आपल्याला आठवतं ते जठर. जठर हे कोठार. तिथे अन्न घुसळलं जातं, प्रथिनं तुटायला लागतात. शरीराला खरी रसद मिळते ती पुढे, लहान आतड्यात.

हे आतडं साधारण ६ मीटर लांब. त्याच्या सुरुवातीलाच पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. पित्त चरबीचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिनं आणि चरबी तोडतो. आतली भिंत मखमलीसारखी, असंख्य बारीक उंचवट्यांची. त्यांतूनच साखर, क्षार आणि पाणी रक्तात जातं.

पाण्याचा हिशेब बघा. रोज सुमारे ९ लिटर द्रव या आतड्यात येतो. त्यातलं आपण प्यालेलं २ लिटरच, बाकी शरीराचेच रस. बहुतेक सगळं आतडं परत शोषून घेतं. हा हिशेब बिघडला की जुलाब. कॉलऱ्यात तर आतडं उलट पाणी बाहेर टाकत राहतं, आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो.

पण अशा वेळीही आतड्याचं एक दार उघडं असतं. साखर आणि मीठ जोडीनं आले की ते दोघांना आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही जातं. नुसत्या पाण्याला हे जमत नाही.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाणी पाजू लागले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हीच आपली जलसंजीवनी, ओआरएस.

तरीही जुलाब लागले की मुलाचं पाणी तोडणारी घरं आजही आहेत. कृपा करून तसं करू नका. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका. जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते, म्हणून बाटलीतलं गोड शीतपेयही नको. घोटघोट पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा. मूल सुस्त पडलं, शौचातून रक्त आलं किंवा पाणी पोटात टिकेना, तर लगेच दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाजत राहा.