आराखडा आणि मजकूर



नियम बदलल्याचे परिपत्रक निघाले, पण नियमपुस्तकात शुद्धिपत्रक चिकटविले गेले नाही, तर बदलून आलेला अधिकारी जुन्याच नियमाने निकाल देतो आणि निवृत्तिवेतनासाठी आलेल्या विधवेस हेलपाटे पडतात. आम्हां सरकारी नोकरांच्या हे परिचयाचे आहे. चेन्नईत संगणकाचे काम करणाऱ्या आपल्या मुलांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

काही कामांत आज्ञावलीचा आराखडा आधी रेखाटतात आणि त्यावरून यंत्रच तिचा मजकूर सिद्ध करते. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात घडलेले ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन याच जातीचे. परंतु घाईत दुरुस्ती थेट मजकुरात केली, की आराखडा जुनाच राहतो. पुढील खेपेस यंत्र त्यावरून नवा मजकूर काढते आणि ती दुरुस्ती पुसली जाते. म्हणून दुरुस्ती आराखड्यातच करावी. हातानेच लिहावा लागणारा भाग यंत्र स्पर्श करणार नाही अशा वेगळ्या जागी ठेवावा.

तरुण मित्रांनो, नोकरी बदलण्यापूर्वी आराखडा आणि मजकूर एकमेकांशी ताडून पाहा. मागून येणाऱ्याला तुम्ही भेटणार नाही. त्याला आराखडाच भेटेल.