किती वेळ थांबावे?
(भिसेगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज माझ्या एका चुकीविषयी बोलतो. आपल्या भिसेगावात मुले लपाछपी खेळतात. ज्याच्यावर राज्य असते तो शंभर आकडे मोजतो. एखादा गडी असा भरभर मोजतो की लपणाऱ्याला जागा शोधायलाही सवड मिळत नाही. आकडे शंभरच, वेळ मात्र निम्मा! मी यंत्रात नेमके हेच केले.

यंत्राला वीज मिळताच प्रथम एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो इतर भागांना जागे करतो आणि मुख्य प्रोग्राम आणून बसवतो. या भागांशी त्याचे बोलणे ‘बस’ नावाच्या सामायिक तारांवरून होते. १९८२ साली फिलिप्सने काढलेल्या आय-टू-सी बसला दोनच तारा, एक ठोक्यांची आणि एक मजकुराची. मूळ वेग सेकंदाला एक लाख ठोके. आठ बिटे पाठवायची, नवव्या ठोक्याला पोच घ्यायची. म्हणजे एका बाइटला ९० मायक्रोसेकंद.

मी लिहिले होते : ‘झाले का?’ असे हजार वेळा विचार, नाही तर चिप बिघडली समज. जुन्या प्रोसेसरवर हजार फेऱ्यांना एक मिलिसेकंद लागे. नवा प्रोसेसर दहापट वेगाचा आला आणि तीच मुदत १०० मायक्रोसेकंदांवर आली. बॅटरीवर लक्ष ठेवणारी चिप कधी कधी ठोक्याची तार खाली धरून ‘जरा थांबा’ म्हणते. तेवढ्यात माझा प्रोग्राम तिला मृत ठरवी. धडधाकट यंत्रे गिऱ्हाइकांकडून परत येऊ लागली, आणि आमच्या टेबलावर मात्र बहुतेक वेळा नीट चालत!

हजाराचे दहा लाख करावेत असा मोह झाला. पण मग जिथे तार खरोखरच अडकली आहे, तिथे यंत्र प्रत्येक बाइटपाशी ताटकळत बसते.

अखेर माहितीपत्रक उघडले. ते आधीच उघडायला हवे होते. ती चिप एसएमबस नियमाने चालणारी. ठोक्याची तार दबूनच राहिली, तर २५ ते ३५ मिलिसेकंदांत चिपने माघार घेऊन बस मोकळी करावी, असा तो नियम. मी फेऱ्या काढून टाकल्या आणि घड्याळाने ४० मिलिसेकंद मुदत ठेवली. कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या यू-बूट या बूटलोडरात मिलिसेकंदाचे घड्याळ आयतेच आहे. मुदत संपल्यावरही एकदा शेवटचे विचारायचे, मगच हार मानायची. कारण उत्तर आलेले असते, आपणच उशिरा पाहतो. चाळीसच्या शेजारी तो आकडा कुठून आला हेही लिहून ठेवले.

तो फलक मी सोबत आणला आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी सभेनंतर टेबलापाशी येऊन त्या दोन तारा पाहाव्यात.